दीड डबा ऑइल

चार घमेली चाळलेली वाळू, एक डबा जळकं ऑइल. उन्हात उलटसुलट करायचं. मुठीत दाबली तर लाडू व्हावा, बोटानं टोचला तर फुटावा.

*

भावसिंगपुऱ्याच्या वळणावरची भिंत. निळ्या रंगातला ‘नामांतर’ एवढाच शब्द उरलेला. त्याच्या आधीचं आणि नंतरचं कुणीतरी चुन्यानं पुसलेलं. चुन्याखालून निळं दिसतंच.

*

माझी आई आक्काबाई मेंढरं वळवताना जीभ टाळूला लावून एक आवाज काढायची. तो लिहिता येत नाही.

*

वाळूजला जाणाऱ्या कंपन्यांच्या बस सव्वासहाला छावणीच्या नाक्यावर थांबतात. पन्नास माणसं चढतात. उतरत कुणीच नाही.

*

पांढरे बूट, तळाला खिळे. नंबर आठ. माझाही पाय आठचाच.

*

७४, ७३, ७१, ७०, ७८. एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेले आकडे. अक्षर माझं.

*

मत्सर पोटात असतो असं म्हणतात. माझा मानेत होता. एखाद्याला लांब जाताना बघत राहिलं की मान जिथं दुखते, तिथं.

*

आता सरळ सांगतो.

माझं नाव कडूबा. बहात्तरच्या दुष्काळात बाप मेंढरं घेऊन सिल्लोडकडून आला आणि पडेगावच्या माळावर थांबला. माळाच्या एका अंगाला छावणी, तिच्या पलीकडं साहेब लोकांचा गोल्फ क्लब. आमची मेंढरं क्लबाच्या मैदानात चरायची. साहेबांची त्याला हरकत नव्हती, कारण गवत कापायला वेगळा माणूस लागत नसे. मेंढरांमागं मी मैदानात शिरलो आणि दहाव्या वर्षी एका मेजरसाहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेतली. कॅडी झालो.

गोल्फ म्हणजे अठरा भोकं. दुसरीकडं प्रत्येक भोकाभोवती गादीसारखी हिरवळ असते. आमच्याकडं पाणी नाही, म्हणून भोकाभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून केलेला काळपट गोल. त्याला ब्राउन म्हणतात. ऑइल कमी पडलं तर वाळू उडते. जास्त झालं तर वाळू जड होते आणि चेंडू निघतो तो चालता चालता थांबतो, थकल्यासारखा. खेळाडूनं चेंडू भोकाकडं ढकलायच्या आधी पोतं गुंडाळलेली फळी ओढून त्याला वाट साफ करून द्यायची. हे सगळं आधी सोनाजीमामा बघायचे. ते वारले आणि ब्राउन माझ्याकडं आले.

बन्सी साळवे माझ्याबरोबरचा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला, खेड्यापाड्यांतून आगी लागल्या, त्यात त्याचं गावाकडचं घर गेलं. त्याची आई दगडाबाई त्याला घेऊन भावसिंगपुऱ्यात भावाकडं आली. तेरा वर्षांचा बन्सी त्याच हिवाळ्यात क्लबात पिशव्या उचलायला लागला. पुढं कितीतरी वेळा मी मनात म्हणालो आहे, ती आग लागली नसती तर. वाक्य तिथंच तोडायचो. राहिलेला तुकडा असा होता: तर मैदानावर मी एकटा असतो.

सोमवारी क्लब बंद. सोमवारी मैदान आमचं. साहेबांनी टाकलेल्या काठ्या, साहेबांचे हरवलेले चेंडू. पंधरा वर्षं आम्ही सोमवार खेळलो. लांब मारण्यात बन्सी पुढं, भोकाजवळ मी. सगळे सोमवार मोजले तर जास्त माझे निघतील. मोजायचं काम मी एकट्यानंच केलं होतं. बन्सीला विचाराल तर तो म्हणेल, “आपण खेळायचो की रे, मोजायचं काय त्यात.”

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात क्लबाचे सेक्रेटरी, निवृत्त कर्नलसाहेब, एक कागद घेऊन आले. नव्या व्यावसायिक खेळाडूंसाठी हिवाळी दौरा. सहा सामने: महू, कामठी, देवळाली, पुणे, बडोदा, आणि शेवटचा आमच्याकडं, कारण दौऱ्याचा भार वाळूजच्या एका कारखानदारानं उचलला होता. प्रत्येक ठिकाणी तीन दिवस, तीन फेऱ्या. सहाही सामन्यांच्या फटक्यांची बेरीज करायची. ज्यांचे सगळ्यात कमी फटके, त्या पहिल्या पाचांना मोठ्या दौऱ्याचं कार्ड.

कार्ड मिळालं की माणूस गेला. वर्षभर देशभर खेळणार, पिशवी दुसरा कुणीतरी उचलणार. कार्ड नाही मिळालं तर तो परत येणार, मैदानावर, माझ्या शेजारी.

आमच्या क्लबातून एकजण जाणार होता. बन्सी गेला.

मला तो परत यायला हवा होता. गोष्ट एवढीच आहे.

*

महू

छावणीच्या नाक्यावर जलीलभाईंचा एसटीडी बूथ. सामना संपला की शनिवारी चारला बन्सीचा फोन यायचा. भावसिंगपुऱ्यात त्यांच्या गल्लीत कुणाकडं फोन नव्हता.

“कडू? ऐकू येतं का?”

“येतंय. बोल.”

“शेवटच्या दिशी चौऱ्याहत्तर. आरं, गवतावर चेंडू थांबतच नाय. तव्यावरच्या पाण्यासारखा पळतो. अन् इतकं मऊ, बूट काढून चालावं वाटतं.”

“मंग काढ.”

“हसतील ना. माह्या मायला सांग बरं का. जेवतो म्हणावं.”

जलीलभाई रिसीव्हर पुसत म्हणाले, “क्या बोलता यार तुम्हारा? जीता?”

“अठरावा आला.”

“कितने में?”

“चाळीस.”

“तो अच्छा है ना! मुँह कायको ऐसा किया?”

मी दगडामावशीकडं गेलो. ती वाळवणाच्या ओट्यावर बसली होती. मी म्हणालो, चौऱ्याहत्तर.

“चौऱ्याहत्तर,” ती म्हणाली. आकडा तोंडात फिरवून बघितला. “शंभरातले?”

मी हसलो. तिनं कोळसा आणून दिला. “लिव भितीवर. मला वाचता येत नाय, पण बघता तर येतं.”

*

कामठी

“त्र्याहत्तर,” बन्सी म्हणाला. “हिरवळीचं कळायला लागलं. गवत ज्या अंगाला झुकलं, तिकडं चेंडू ओढतो. मेंढरांनी चरलेलं गवत कसं एका अंगाला पडतं, तसं बघायचं. तुलाच सुचलं असतं हे पयलं.”

हे शेवटचं वाक्य त्यानं काय म्हणून घातलं? मला बरं वाटावं म्हणून. तसंच होतं. त्याला माझी काळजी होती. मी बूथमधून बाहेर आलो आणि नाक्यापासून घरापर्यंत ते वाक्य चावत गेलो.

मावशीनं भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “एक कमी झाला.”

“व्हय.”

“होतं एखाद बारी,” ती म्हणाली.

मला तेव्हा कळलं तिला काय वाटतंय. शाळेचे मार्क वाटतायत. जास्त ते चांगलं. मी म्हणायला हवं होतं, मावशी, या खेळात उलटं असतं, कमी तेच चांगलं. वाक्य लहान आहे. आताही लिहिलं तेव्हा एक ओळसुद्धा लागली नाही.

मी त्र्याहत्तर लिहिलं आणि कोळसा परत दिला.

*

देवळाली

एकाहत्तर.

“उतरतंय की रे,” मावशी म्हणाली.

“थोडं उतरलं,” मी म्हणालो.

त्या सामन्यात बन्सी चौथा आला होता.

*

मधला तुकडा. पडेगावच्या फाट्यावर चहाच्या टपरीपाशी रामकिसन भेटला. त्याच्या घरी चांगली जमीन, आणि तो स्वतः वाळूजला सुपरवायझर.

“काय कडूबा, त्या साळव्याचं नाव पेपरात आलं म्हणं?”

“आलं. आतल्या पानावर.”

“तुझं काहून नाय आलं? काठी तर तू आधी धरली.”

मी चहा फुंकत राहिलो.

“आता विद्यापीठ बी त्यांचं होतंय, अन् तुमचं ते ग्राउंड बी. आपून मेंढरं वळायची. लई झालं बघ.”

रामकिसनच्या घरातलं कुणी विद्यापीठात गेलेलं नव्हतं. गोल्फची काठी कुठल्या बाजूनं धरतात हे त्याला माहीत नव्हतं. तरी तो बोलत होता ते मला ओळखीचं वाटलं. आवाज त्याचा होता, आतलं माझं होतं. माझं भांडण एका माणसाशी होतं, दोन काठ्यांचं, सोमवारचं. त्याच्या तोंडून ते निघालं तेव्हा त्याला जात लागलेली होती. आणि मला ते सोयीचं वाटलं. क्षणभर बरं वाटलं की आपण एकटे नाही.

मी चहा टाकून उठलो, असं लिहावंसं वाटतं. मी चहा पूर्ण प्यालो. दुसरा रामकिसननं पाजला, तोही प्यालो.

*

पुणे

सत्तर.

“कडू, सत्तर! पाचवा आलो मी. पुण्याचा एक पोरगा हाय, काळा चष्मा लावतो, तो माह्या एक पाऊल पुढं. त्याची मम्मी त्याला थर्मासमधून सूप देती. मी म्हणलं मला बी द्या, तर दिलं बिचारीनं!”

मागून गाड्यांचा आवाज. तो हसत होता.

“मायला सांग सत्तर.”

मायला सांगितलं. ती भिंतीसमोर उभी राहिली आणि चार आकड्यांवरून बोट फिरवत खाली आली. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी विहारात जाऊन बसायला लागली. तिथल्या एका बाईनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, “बन्सीला तिकडं कुणी त्रास देतंय का रे? दगडाबाईचं जेवणावर ध्यान नाय.”

घरी माझी बायको कस्तुरा भाकरी थापत म्हणाली, “दर शनिवारी तुमचं तोंड असं काहून होतं?”

“कसं?”

“चिंच खाल्ल्यावानी.”

“ऑइलचा वास चढतो.”

“ऑइल काय शनिवारीच आसतं?”

*

बडोदा

“अठ्ठ्याहत्तर,” बन्सी म्हणाला. आवाज बसलेला. “ताप होता. पयल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसऱ्या दिशी डोळ्यापुढं अंधारी. सहावा झालो कडू, एकंदरीत सहावा. काळ्या चष्म्याच्या तीन फटके मागं. आता घरचाच सामना ऱ्हायला. घरचे ब्राउन तर मला पाठ हायेत. जमंल ना?”

“जमंल,” मी म्हणालो.

मी भावसिंगपुऱ्यात गेलो, जवळजवळ पळतच. अठ्ठ्याहत्तर म्हणालो आणि दगडामावशीनं दोन्ही हात जोडले. मग गल्लीभर गूळ वाटला. “अठ्ठ्याहत्तर! चढला माझा लेक!” मला मोठा खडा दिला. मी तो उभ्या उभ्या खाल्ला. एकाच आकड्यावर आम्ही दोघं खूश होतो, ती तिच्या कारणानं, मी माझ्या. तितका गोड गूळ मी पुन्हा खाल्लेला नाही.

*

शेवटचा सामना बारा ते चौदा जानेवारी ठरला होता. बन्सी नऊ तारखेला आला. पांढरे बूट गळ्यात लटकवलेले, चेहरा उतरलेला, पण हसू तेच. मी तिथंच होतो, त्याच्या ओट्यावर.

मावशी म्हणाली, “आरं, मधी लई उतरला व्हता तू. सत्तरवर आला. मी तर हाय खाल्ली. मंग शेवटी चढला.”

बन्सी भिंतीकडं बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं ते थांबेना. “आवं माय, उलटं आसतं ते! कमी फटक्यात संपवायचं आसतं. सत्तरला मी पाचवा आलो अन् अठ्ठ्याहत्तरला मेलो!”

“मंग कडूबानं सांगितलं नाय ते?”

“त्याला वाटलं आसंल तुला ठावं हाय. त्याचं काय, तो तर जन्मल्यापून तिथंच.”

दगडामावशी हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. नजर रागाची नव्हती. बाजारात एखादं माप कमी निघालं की आपण मापाकडं बघतो, तशी.

“इसरला आसंल,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. माझा कप तिनं सगळ्यात आधी आणून दिला.

*

दहा तारखेला कर्नलसाहेबांनी सांगितलं की सामना आठवडाभर पुढं. विद्यापीठाच्या नावाचा निकाल चौदाला लागणार अशी हवा होती. गावात पोलीस, नाक्यानाक्यावर गाड्या, बाहेरगावची माणसं येणार कशी? मग एकोणीस, वीस, एकवीस ठरलं.

चौदाला निकाल लागला. बन्सी सायकल घेऊन आला. “चल रे कडू.”

“मी काय करू तिथं?”

“उभा ऱ्हा.”

विद्यापीठाच्या गेटपाशी मुंगीला वाट नव्हती. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. लोक ते पूर्ण नाव एकमेकांना परत परत म्हणून दाखवत होते, जणू पाठ करायचं आहे. दगडामावशी रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली होती. निळ्या गुलालानं तिचे केस भरले होते. ती रडत होती आणि कुणीतरी दिलेला तिळगूळ खात होती, दोन्ही एकदम. बन्सीनं माझ्या कपाळाला निळं बोट लावलं.

मला वाईट वाटायला हवं होतं की चांगलं, हे मी तिथं ठरवू शकलो नाही. जे वाटलं ते ओळखीचंच होतं. एखाद्या गोष्टीची सोळा वर्षं वाट बघावी आणि ती व्हावी, असं माझ्याकडं काही नव्हतं. मला त्या गर्दीतल्या प्रत्येक माणसाचा हेवा वाटला. घरी जाताना नाल्यावर थांबून मी कपाळ धुतलं. मग वाटलं, कस्तुरा विचारेल कपाळ ओलं कसं. रुमालानं कोरडं केलं.

*

माझी ऑइलची वही.

१५ जानेवारी. ब्राउन १ ते १८. प्रत्येकी एक डबा.

१९ जानेवारी. पहिली फेरी. ब्राउन ठीक.

२० जानेवारी.

२१ जानेवारी. तिसरी फेरी.

वीस तारखेसमोर काही लिहिलेलं नाही. म्हणून इथं लिहितो.

पहिल्या दोन फेऱ्यांत बन्सीनं काळ्या चष्म्याचे तीनातले दोन फटके फेडले. उरला एक. दुपारी तीनला खेळाडू गेले. चारपर्यंत मैदान रिकामं झालं. मी हातगाड्यावर डबे लादले आणि दहाव्या ब्राउनपासून सुरुवात केली. पंधरा तारखेचा एक डबा मुरलेला होता. त्यावर आणखी दीड. दहा, अकरा, बारा, अठरापर्यंत. वरून कोरडी वाळू भुरभुरली, म्हणजे रंग तोच दिसेल.

माझा हिशोब पक्का होता. बाकीचे खेळाडू परके. ते डोळ्यांनी खेळणार. चेंडू अलीकडं थांबला तर पुढच्या वेळी जोरात मारतील. बन्सी आठवणीनं खेळतो. अकराव्याला किती जोर, चौदाव्याला किती, हे त्याच्या मनगटात पंधरा वर्षांचं बसलेलं. तो जोर आता खोटा ठरणार. परक्याला चूक दोन ब्राउनमध्ये कळेल, त्याला नऊही पुरणार नाहीत, कारण तो स्वतःवर शंका घेईल, मैदानावर घेणार नाही.

सूर्य डोंगराकडं कलला होता. माझे हात कोपरापर्यंत काळे. मला आनंद झाला नव्हता. फक्त ती मान दुखायची थांबली होती.

*

एकवीस जानेवारी, शुक्रवार. शेवटच्या गटाबरोबर फळी घेऊन मी. गटात दोघंच: पुण्याचा पोरगा आणि बन्सी. पहिल्या नऊ भोकांत बन्सीनं बरोबरी केली. काळा चष्मा घामानं घसरत होता.

दहावा ब्राउन. मी दोघांना वाट साफ करून दिली. फळी जड चालली. मला ती हाताला कळली, बघणाऱ्याला कळणार नाही.

पुण्याच्या पोरानं मारलं. चेंडू निघाला आणि हातभर अलीकडं थांबला. त्यानं काठीकडं बघितलं, जणू तिनं काही केलं.

बन्सीची पाळी. तो चेंडूपाशी गेला, काठी टेकवली आणि थांबला. मग काठी उचलून खाली उकिडवा बसला. चिमूटभर वाळू घेतली. बोटांत चोळली. नाकाला लावली.

आणि माझ्याकडं बघितलं.

मी फळीचं पोतं सारखं करत होतो.

तो उठला आणि मारला. त्या भोकाला तो जोर वेडेपणाचा होता. एरवी चेंडू ब्राउन ओलांडून खडकात गेला असता. तो जड वाळूतून घरंगळत गेला, भोकाच्या मागच्या कडेला लागला आणि आत पडला.

अकरावा, बारावा, तेरावा. पोरगा प्रत्येक ठिकाणी अलीकडं राहिला, मग घाबरून पलीकडं जायला लागला. बाकीच्या गटांचंही तेच चाललं होतं. पुढून ओरडण्याचे आवाज येत होते. सगळ्या मैदानावर एकच माणूस असा होता की त्याला काही विचारावं लागत नव्हतं. प्रत्येक ब्राउनवर तो वाळू नाकाला लावायचा, मारायचा, आणि चेंडू उचलताना माझ्या फळीला बुटाचं टोक लावून पुढं जायचा, गमतीनं, लहानपणी पायाचा अंगठा लावायचा तसा.

अडुसष्ट. सामना त्यानं जिंकला, बेरजेत तो चौथा आला. काळा चष्मा सहावा.

*

अवजारांच्या खोलीत बन्सीनं मला गाठलं. दार लोटून घेतलं आणि मिठी मारली. त्याचा पांढरा शर्ट काळा झाला.

“सोनाजीमामासारखं केलंस रे.”

मला समजायला वेळ लागला. मग समजलं.

आम्ही कॅडी होतो तेव्हा नगरचे अफसर वर्षातून एकदा सामना खेळायला यायचे. आदल्या दिवशी मामा ब्राउनवर जादा ऑइल घालायचे, वरून कोरडी वाळू भुरभुरायचे. मग सकाळी आपल्या साहेबांजवळून जाताना नुसतं नाक पुसायचे. साहेब समजायचे, आज जड. पाहुणे हरायचे. डबे उचलायला आम्ही दोघं असायचो, म्हणून हे आम्हा दोघांनाच माहीत. आमच्या मैदानात ब्राउन जड करणं हे कुणाविरुद्ध नसतंच. ते आपल्या माणसासाठी असतं.

मी ब्राउन सांभाळणारा. मामांच्या हाताखाली शिकलेला. आणि मी हे विसरलो होतो. बन्सी विसरला नव्हता.

“वाळू नाकाला लावली अन् म्हणलं, कडूनं केलं,” तो म्हणाला. “तू मान खाली घातली ना, तवा तर खात्रीच पटली. मामा बी बघायचे नाय कुणाकडं.”

“बन्सी, मी तुझ्यासाठी नाय केलं.”

“मंग कुणासाठी? त्या काळ्या चष्म्यासाठी?” तो इतका हसला की त्याला डब्यावर बसावं लागलं. “का त्याच्या मम्मीच्या सूपासाठी?”

“खरं सांगतोय. ऐक तरी.”

“ऐकलं. तुझी नोकरी हाय, मला समजतं. मी कुणापाशी बोलायचो नाय. मायपाशी बी नाय.” मग हसू थांबवून म्हणाला, “अन् मी काय चोरी नाय केली. जड तर समद्यांनाच व्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी हुंगलं. पण हुंगायला तूच ठेवलं ना काहीतरी.”

त्यानंतर मी काय बोलणार होतो? मी तुझा चेंडू थांबावा म्हणून दुपारभर राबलो, असं? त्यानं तेही थट्टेवारी नेलं असतं. आणि नसतं नेलं तर?  वाईट माणूस म्हणून ओळखलं जायचीही एक वेळ असते. ती माझ्यासमोर होती, दार लोटलेल्या खोलीत, आणि मी तिला जाऊ दिलं. त्याच्या नजरेत मी जो होतो, तो मला सोडवेना.

“फेब्रुवारीत कलकत्ता,” तो उठत म्हणाला. “माह्यासंगं चल. पिशवी तुझ्या खांद्यावर. तिकडं बी हुंगायला माणूस लागंल.”

“ब्राउन कोण बघंल?”

“ते बी हाये म्हणा.”

तो बाहेर गेला. अंगणात कर्नलसाहेब, कारखानदार, फोटोवाला. कुणीतरी त्याला शर्ट बदलायला सांगत होतं. तो म्हणत होता, नाही, असाच काढा.

तो फोटो आता क्लबाच्या भिंतीवर आहे. त्याच्या शर्टावर दोन काळे पंजे आहेत, पाठीवरचे दिसत नाहीत, खांद्यावरचे दिसतात. नवे कॅडी विचारतात, ते कशाचे? बन्सी वर्षातून एकदा येतो तेव्हा त्यांना सांगतो, “आमच्या कडूबाचे. त्याच्यामुळं मी हाय.” पोरं माझ्याकडं बघतात. मी नाक पुसतो, आणि मग लक्षात येतं की मी नाक पुसलं.

*

ऑगस्ट त्र्याण्णवमध्ये कर्नलसाहेबांनी दौऱ्याचा फॉर्म आधी माझ्या हातात दिला होता. मी तो दोन दिवस घरी ठेवला आणि सही न करता परत नेऊन दिला.